मुक्काम विषाणूचा, पहारा टी पेशींचा

सर्दीचा विषाणू येतो, आठवडाभर नाक गाळायला लावतो आणि निघून जातो. हर्पिस कुळातला विषाणू मात्र एकदा आत शिरला की हलायचं नाव घेत नाही. मुंबईच्या जुन्या चाळीतल्या पागडीच्या भाडेकरूसारखा तो ठाण मांडून बसतो. आणि हा तर नाममात्र भाडंही देत नाही! हे वाचणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या अंगात या कुळातला एखाद-दुसरा विषाणू या क्षणी आहे. तरीही आपलं खाणंपिणं, कामधंदा सगळं सुरळीत चाललेलं असतं. ही करामत टी पेशींची. या पांढऱ्या पेशी हर्पिसला हाकलू शकत नाहीत, पण त्याला डोकंही वर काढू देत नाहीत. जन्मभर चालणाऱ्या या पहाऱ्याच्या काही भन्नाट गोष्टी.

नऊ जणांचं खानदान

माणसाला पछाडणारे हर्पिस विषाणू मोजून नऊ. ओठावर ताप फुटतो तो हर्पिस सिम्प्लेक्स-१, जननेंद्रियांवर फोड आणणारा त्याचा भाऊ सिम्प्लेक्स-२, कांजिण्या आणि नागीण दोन्ही आणणारा व्हॅरिसेला झोस्टर, गळ्याच्या गाठी सुजवणारा एपस्टीन-बार म्हणजे ईबीव्ही, बहुतेकदा मुकाट राहणारा सायटोमेगॅलो म्हणजे सीएमव्ही, आणि उरलेले क्रमांकाने ओळखले जाणारे ६ए, ६बी, ७ आणि ८.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या अंदाजानुसार ५० वर्षांखालच्या सुमारे ३८० कोटी लोकांत सिम्प्लेक्स-१ आहे. ईबीव्ही तर जगातल्या ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांना कधी ना कधी गाठतोच. प्रत्येकाची लपायची जागा ठरलेली. सिम्प्लेक्स आणि झोस्टर मज्जातंतूंच्या गाठींत दडतात, ईबीव्ही प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींमध्ये, तर सीएमव्ही अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार करणाऱ्या पेशींमध्ये.

ज्या अवयवाला निकामी म्हटलं, तोच कामाचा निघाला

छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते. वय वाढतं तशी ती आक्रसत जाते. त्यामुळे कित्येक वर्षं डॉक्टर मंडळी तिला बिनकामाची समजत होती. १९६१ मध्ये लंडनमध्ये जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढून टाकली. ते उंदीर पुढे साध्या साध्या संसर्गांनी मरू लागले. टी पेशीतला ‘टी’ तो याच थायमसचा.

इथे तयार होणाऱ्या पेशींची छाननी जबरदस्त असते. ९५ टक्क्यांहून अधिक पेशी इथेच मरतात. ज्या कुचकामी निघतात त्या जातात, आणि ज्या स्वतःच्याच शरीरावर उलटण्याची शक्यता असते त्याही जातात. उरलेल्या रक्तात उतरतात. त्यांतल्या सीडी८ जातीच्या पेशी संसर्ग झालेल्या पेशींना मारतात. सीडी४ जातीच्या पेशी इतरांना मदत करतात आणि कामाला लावतात.

टी पेशीला विषाणू दिसतच नाही!

होय, अख्खा विषाणू टी पेशीला ओळखताच येत नाही. तिला लागतो त्याच्या प्रथिनाचा तुकडा. तोही आठ-दहा अमिनो आम्लांचा, आणि आपल्याच पेशीच्या पृष्ठभागावर, आपल्याच एचएलए नावाच्या रेणूमध्ये बसवलेला. आपली जवळपास प्रत्येक पेशी आत चाललेल्या घडामोडींचे असे तुकडे सतत बाहेर मांडत असते. त्यात परका तुकडा दिसला की सीडी८ पेशी त्या पेशीला चिकटते, परफोरिन या प्रथिनाने तिच्या आवरणाला भोकं पाडते आणि ग्रॅन्झाइम नावाची विकरं आत सोडते. खेळ खलास.

हे ‘दुहेरी ओळखी’चं कोडं ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरामध्ये १९७०च्या दशकात सुटलं. सोडवणारे दोघं: स्वित्झर्लंडचे रोल्फ झिंकरनागेल आणि ऑस्ट्रेलियाचे पीटर डोहर्टी. डोहर्टी शिक्षणाने चक्क पशुवैद्य! १९९६ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं.

विषाणूही काही कमी नाही

तुकडा बाहेर मांडला गेला तर आपण मेलो, हे हर्पिस कुळाने केव्हाच हेरलंय. म्हणून यातल्या प्रत्येकाने आपापली शक्कल काढली आहे.

सिम्प्लेक्सकडे आयसीपी४७ नावाचं अवघं ८८ अमिनो आम्लांचं प्रथिन आहे. प्रथिनांचे तुकडे ज्या वाटेने एचएलएपर्यंत पोहोचतात ती वाटच ते बुजवून टाकतं. सीएमव्हीचा डाव आणखी बेरकी. त्याची यूएस२ आणि यूएस११ ही प्रथिनं नुकताच तयार झालेला एचएलए रेणू पकडून मागे खेचतात आणि तो काही मिनिटांत पेशीच्याच भंगारयंत्रणेकडून नष्ट करवतात. ईबीव्हीने तर ईबीएनए१ या आपल्या मुख्य प्रथिनात एक लांबलचक पट्टी अशी रचली आहे, की त्याचे तुकडे सहजी पडतच नाहीत.

पण इथे एक मेख आहे. ज्या पेशीवर एचएलए कमी दिसतात, तिला नॅचरल किलर नावाच्या दुसऱ्या पेशी मारतात. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर! सीएमव्हीकडे यावरही उतारा आहे. त्याचं यूएल१८ हे प्रथिन एचएलएची हुबेहूब नक्कल करतं आणि नॅचरल किलरला झुलवतं.

एवढं सगळं करूनही तो सुटत नाही, ही टी पेशींची कमाल. आणि टी पेशींना तो पूर्ण संपवता येत नाही, ही त्याची.

मारायचं नाही, फक्त तोंड बंद करायचं

आता या लेखातली सर्वांत देखणी गोष्ट. सिम्प्लेक्स-१ दडतो कानासमोर, कवटीच्या तळाशी असलेल्या ट्रायजेमिनल गँग्लिऑन नावाच्या मज्जातंतूंच्या गाठीत. चेहऱ्याला स्पर्श कळतो तो तिथल्या पेशींमुळे. आता पंचाईत अशी, की मज्जापेशी मेली तर तिच्या जागी नवी येत नाही. विषाणू मारण्यासाठी पेशी मारत सुटलं, तर चेहरा बधिर व्हायचा.

अमेरिकेत पिट्सबर्गमधल्या संशोधकांनी उंदरांच्या या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा विषाणू असलेल्या मज्जापेशींना सीडी८ पेशी खेटून बसलेल्या दिसल्या. बसलेल्या, पण मारत नव्हत्या. २००८ मध्ये त्यामागचं गुपित बाहेर आलं. या टी पेशी ग्रॅन्झाइम-बी मज्जापेशीत सोडतात खरं. पण ते विकर तिथे पेशीचा जीव घेण्याऐवजी विषाणूचं आयसीपी४ हे प्रथिन कापतं. या प्रथिनाशिवाय विषाणूला आपली पुढची जनुकं चालूच करता येत नाहीत. विषाणू जागा व्हायला लागतो, टी पेशी त्याचं पहिलंच पाऊल छाटते, आणि मज्जापेशी शाबूत राहते. साप भी मरे अन् लाठी भी न टूटे म्हणतात, त्यातला साप इथे मरत नाही एवढंच!

एका पेशीचा दिवसाचा हिशोब

टी पेशी म्हणजे सपासप वार करणारी मारेकरी, अशी आपली समजूत. जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये जिवंत उंदरांच्या शरीरात सीएमव्हीची लागण झालेल्या पेशींवर सूक्ष्मदर्शक रोखून मोजदाद केली गेली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला आकडा होता: एक मारेकरी टी पेशी दिवसाला मारते फक्त २ ते १६ पेशी. त्यातही एकटीचं काम बऱ्याचदा भागत नाही. दोन-तीन जणी एकाच पेशीला भिडल्या, तर ती मरण्याची शक्यता चांगलीच वाढते. एकीचं बळ ते हेच.

स्मरणशक्तीतला दहावा हिस्सा एकट्या सीएमव्हीला

आयुष्यभरात झालेल्या सगळ्या संसर्गांची आठवण टी पेशी बाळगून असतात. त्या आठवणीत सीएमव्हीचा वाटा किती असावा? अमेरिकेतल्या ऑरेगनमधल्या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये सीएमव्हीच्या जवळपास सगळ्या प्रथिनांचे तुकडे करून ते निरोगी, पण सीएमव्ही असलेल्या माणसांच्या रक्तावर आजमावले. उत्तर आलं: स्मृती असलेल्या टी पेशींपैकी सरासरी सुमारे १० टक्के पेशी एकट्या सीएमव्हीवर नजर ठेवून असतात.

बहुतेकांना कधी साधा तापही न आणणाऱ्या विषाणूसाठी एवढा फौजफाटा! यावरून एवढं कळतं, की सीएमव्ही गप्प आहे तो स्वभावाने गरीब म्हणून नव्हे. त्याला गप्प ठेवलंय म्हणून.

फौज ओसरायच्या ऐवजी वाढतच जाते

साध्या संसर्गात टी पेशींचा आलेख ठरलेला असतो. आठवडाभरात झपाट्याने वाढ, मग विषाणू संपला की ९० टक्क्यांहून अधिक पेशींचा मृत्यू, आणि उरलेल्या मूठभर पेशींकडे आठवण.

सीएमव्हीने हा नियम धाब्यावर बसवला. २००० च्या सुमारास उंदरांवर काम करणाऱ्यांना दिसलं, की सीएमव्हीच्या काही तुकड्यांविरुद्धच्या सीडी८ पेशी ओसरण्याऐवजी महिनोन् महिने वाढतच राहतात आणि मग त्या चढ्या पातळीवर टिकून राहतात. याला ‘स्मृतिफुगवटा’ म्हणता येईल. सगळ्याच तुकड्यांच्या बाबतीत असं होत नाही. त्याच विषाणूच्या दुसऱ्या काही तुकड्यांविरुद्धच्या पेशी नेहमीसारख्या ओसरतात. फुगवटा येतो याचं कारण असं, की दडलेला विषाणू अधूनमधून चुळबुळ करतो, एखादं प्रथिन निसटतं आणि टी पेशींना पुन्हा पुन्हा टोचणी मिळत राहते.

तरी थकत कशा नाहीत?

हा प्रश्न साधा नाही. सततच्या संसर्गात टी पेशी खरोखरच थकतात. एचआयव्ही आणि यकृताला ग्रासणाऱ्या हेपॅटायटिस-बी विषाणूच्या बाबतीत हे घडतं. समोर विषाणूचा पूर येत राहिला की पेशींवर पीडी-१ नावाचा ब्रेक बसतो आणि त्या नुसत्या बघत राहतात. हा ब्रेक काढला तर थकलेल्या पेशी पुन्हा कामाला लागतात, हे २००६ मध्ये उंदरांमध्ये दाखवून देणाऱ्या गटाचे प्रमुख होते रफी अहमद. हैदराबादला जन्मलेले, उस्मानिया विद्यापीठात शिकलेले, आता अमेरिकेत एमरी विद्यापीठात. पीडी-१ चा शोध लावणारे जपानचे तासुकू होंजो यांना २०१८ मध्ये नोबेल मिळालं, कारण हाच ब्रेक काढणारी औषधं आज कर्करोगावर वापरली जातात.

सीएमव्हीवर पहारा देणाऱ्या पेशी मात्र दशकानुदशकं कामाच्या राहतात. डिवचलं की त्या आजही इंटरफेरॉन नावाचं विषाणूविरोधी प्रथिन सोडतात, आजही मारू शकतात. फरक मात्रेचा आहे. एचआयव्ही रोज भडिमार करतो. दडलेला सीएमव्ही कधीतरी, थोडंसं, एखाद्याच पेशीत डोकावतो. सततच्या माऱ्याने माणूस गळून जातो, अधूनमधूनच्या कामाने तल्लख राहतो. टी पेशींचंही तेच.

गळ्यातल्या गाठी कोणामुळे?

ईबीव्ही लहानपणी झाला तर बहुधा काहीच जाणवत नाही. आपल्याकडे बहुतेकांना तो बालपणीच होऊन जातो. पश्चिमेत अनेकांना तो कॉलेजच्या वयात, लाळेतून, म्हणजे बरेचदा चुंबनातून मिळतो. मग येतात घसादुखी, ताप, मानेच्या सुजलेल्या गाठी आणि आठवडे आठवडे न जाणारा थकवा.

या रुग्णांच्या रक्तात मोठ्या, वेड्यावाकड्या पांढऱ्या पेशी दिसतात. वाटेल की याच विषाणूने पछाडलेल्या. नाही! त्या बहुतांशी सीडी८ टी पेशी असतात; विषाणूवर तुटून पडलेल्या. ऐन आजारात काही रुग्णांच्या एकूण सीडी८ पेशींपैकी ४० टक्क्यांपर्यंत पेशी ईबीव्हीच्या एकाच तुकड्याविरुद्धच्या आढळल्या आहेत. म्हणजे माणूस आडवा होतो तो विषाणूपेक्षा आपल्याच पेशींच्या धुमश्चक्रीने.

आणि ईबीव्हीमुळेच हा आजार होतो हे कळलं कसं? अमेरिकेत फिलाडेल्फियात वर्नर आणि गर्ट्रूड हेन्ले हे दांपत्य या विषाणूवर काम करत होतं. त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या एका तंत्रज्ञ मुलीच्या रक्तात विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं नव्हती. १९६७ मध्ये ती या आजाराने पडली, आणि उठली तेव्हा तिच्या रक्तात प्रतिपिंडं हजर! पुढच्याच वर्षी हेन्लेंनी निष्कर्ष प्रसिद्ध केला.

धुक्यामुळे लागलेला शोध

खुद्द ईबीव्हीचा शोधही असाच नाट्यमय. युगांडात काम करणारे शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांनी तिथल्या मुलांच्या जबड्यात होणाऱ्या विचित्र गाठींवर १९६१ मध्ये लंडनला व्याख्यान दिलं. श्रोत्यांत होते अँथनी एपस्टीन. त्यांना वाटलं, यामागे विषाणू असणार. मग युगांडातून गाठींचे नमुने विमानाने लंडनला येऊ लागले. दोन वर्षं हाती काही लागेना.

१९६३ च्या डिसेंबरात लंडनवर दाट धुकं होतं. नमुना घेऊन आलेलं विमान मँचेस्टरला वळवावं लागलं. बाटली उशिरा पोहोचली तेव्हा आतला द्रव गढूळ झालेला. जंतू वाढले असावेत म्हणून ती फेकून देता आली असती. एपस्टीन यांनी थेंबभर द्रव सूक्ष्मदर्शकाखाली धरला. गढूळपणा होता तो गाठीपासून सुट्या होऊन तरंगणाऱ्या जिवंत कर्कपेशींचा! त्या वाढवल्या, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यात हर्पिस कुळाचा नवा विषाणू दिसला. मार्च १९६४ मध्ये एपस्टीन, बर्ट अचाँग आणि इव्हॉन बार यांनी तो जगासमोर मांडला. माणसाला कर्करोग करू शकणारा हा पहिला ज्ञात विषाणू.

ईबीव्ही घुसलेल्या बी पेशी काचेच्या बाटलीत अमर होतात, वाढतच राहतात. पण त्याच बाटलीत ईबीव्ही झालेल्या माणसाच्या टी पेशी सोडल्या, तर ती वाढ काही आठवड्यांत विरून जाते. १९७०च्या दशकातल्या या साध्या प्रयोगाने दाखवलं, की आपल्यापैकी बहुतेकांना ईबीव्हीचा कर्करोग का होत नाही.

कुंपणानेच शेत खाल्लं तर?

काही हर्पिस विषाणूंनी टी पेशींनाच कब्जात घेतलं आहे. क्रमांक ६ आणि ७ टी पेशींमध्येच वाढतात. झोस्टर तर कांजिण्यांच्या वेळी टी पेशींवर स्वार होऊन त्वचेपर्यंत प्रवास करतो. जिने त्याला पकडायचं, तीच त्याची गाडी!

क्रमांक ६ ची आणखी एक खोडी. तो गुणसूत्राच्या टोकाशी स्वतःला चिकटवून घेतो. परिणामी जगात सुमारे १ टक्का माणसं या विषाणूचा अख्खा जनुकसंच आईकडून किंवा वडिलांकडून वारशातच घेऊन जन्मतात.

कोंबड्यांमध्ये प्रकरण आणखी गंभीर. मारेक्स नावाचा त्यांचा हर्पिस विषाणू टी पेशींचाच कर्करोग घडवतो. त्यावर १९७०च्या सुमारास आलेली लस ही जगातली कर्करोग रोखणारी पहिली लस, आणि तिच्यासाठी वापरला तो टर्की पक्ष्याचा निरुपद्रवी हर्पिस विषाणू. आज महाराष्ट्रातल्या पोल्ट्रीवाल्यांना ही लस चांगली ठाऊक आहे. हॅचरीतून निघण्याआधी एक दिवसाच्या पिल्लाच्या मानेत ती टोचली जाते.

जुळी भावंडं, वेगळी प्रतिकारशक्ती

स्टॅनफर्डमधल्या शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये जुळ्यांच्या १०५ जोड्यांचं रक्त तपासलं. प्रतिकारशक्तीचे दोनशेहून अधिक घटक मोजले. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला सीएमव्ही आणि दुसऱ्याला नाही, अशा जोड्यांत निम्म्याहून अधिक घटकांवर त्या फरकाची छाप दिसली. जनुकं तीच, पण एका मुक्या विषाणूने घडी बदलली.

मग हा बदल चांगला की वाईट? दोन्ही. स्वीडनमध्ये पंचाऐंशी ओलांडलेल्यांच्या पाहणीत, सीएमव्हीमुळे ज्यांच्या सीडी८ पेशी सीडी४ पेशींहून जास्त झाल्या होत्या त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण अधिक आढळलं. मात्र इतर देशांतल्या सर्वच अभ्यासांत तसं दिसलं नाही. उलट तरुणांमध्ये सीएमव्ही असलेल्यांनी फ्लूच्या लशीला अधिक चांगला प्रतिसाद दिल्याचंही दिसलंय.

उंदरांचा किस्सा तर अफलातून. दडलेला हर्पिस विषाणू अंगात असलेले उंदीर चक्क प्लेगच्या जिवाणूला तोंड देऊन जगले, असं २००७ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसमधून जाहीर झालं. १८९६ मध्ये मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात ज्याने हाहाकार उडवला, तोच हा जिवाणू. कारण असं, की विषाणूमुळे सतत पाझरणारं इंटरफेरॉन भक्षक पेशींना कायम सज्ज ठेवतं. मात्र ही कवचकुंडलं कायमची नाहीत. काही महिन्यांत त्यांचा जोर ओसरतो, असं नंतर दिसलं.

पहारा ढिला पडला की...

अंतराळात शरीर वजनरहित, झोप अपुरी, ताण मोठा. ताणाची संप्रेरकं टी पेशींचा जोर कमी करतात. नासाने तपासलेल्या अवकाशयानांतल्या ८९ अंतराळवीरांपैकी ४७ जणांच्या, आणि अंतराळ स्थानकावरच्या २३ पैकी १४ जणांच्या लाळेत किंवा लघवीत हर्पिस विषाणू सापडले. बहुतेकांना त्रास काहीच झाला नाही. पृथ्वीवर हीच गोष्ट तापात, उन्हाच्या तडाख्यात, परीक्षेच्या दिवसांत ओठावरच्या फोडांच्या रूपाने अनेकांनी अनुभवलेली असते.

अवयव किंवा अस्थिमज्जेच्या प्रत्यारोपणानंतर मात्र हा खेळ जीवघेणा होतो. शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून टी पेशी औषधांनी दाबाव्या लागतात. मग सीएमव्ही फुप्फुसावर, डोळ्यावर, आतड्यावर चाल करतो आणि ईबीव्ही बी पेशींचा कर्करोग घडवू शकतो.

उसन्या टी पेशी

यावरचा उपायही टी पेशीच. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमध्ये १९९०च्या दशकात डॉक्टरांनी अस्थिमज्जा दात्याच्या रक्तातल्या सीएमव्हीविरोधी सीडी८ पेशी निवडल्या, प्रयोगशाळेत वाढवल्या आणि रुग्णांना दिल्या. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालातल्या १४ रुग्णांपैकी एकालाही सीएमव्हीचा आजार झाला नाही. प्रत्यारोपणानंतरच्या ईबीव्ही कर्करोगासाठी तर अनोळखी दात्याच्या, आधीच तयार करून गोठवून ठेवलेल्या टी पेशींच्या औषधाला युरोपात डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी मिळाली.

ऑरेगनमधल्या लुई पिकर यांची कल्पना आणखी वेगळी. टी पेशींना कायम जागं ठेवायचं असेल, तर सीएमव्हीलाच लशीचं वाहन का करू नये? माकडांच्या सीएमव्हीमध्ये त्यांनी एचआयव्हीच्या माकडी भावंडाचे तुकडे जोडले. लस दिलेल्या माकडांपैकी जवळपास निम्म्या माकडांनी नंतर झालेला संसर्ग दाबून टाकला.

नागिणीचा विळखा कधीच पुरा होत नाही

आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेली भीती: नागिणीने कमरेभोवती विळखा पूर्ण केला, तोंड-शेपूट जुळलं, की माणूस गेला. वस्तुस्थिती अशी, की लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मणक्याजवळच्या एखाद्या मज्जातंतूच्या गाठीत दडलेला असतो. तो जागा होतो आणि त्याच मज्जातंतूवरून त्वचेपर्यंत येतो. तो मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूला पसरलेला असतो. मध्यरेषा ओलांडत नाही. म्हणून फोडांचा पट्टा पाठीकडून पोटाकडे येतो आणि मधोमध थांबतो.

नागीण म्हातारपणी का उठते? इंग्लंडमधल्या सायरनसेस्टर या गावात साधी डॉक्टरकी करणारे एडगर होप-सिम्प्सन यांनी आपल्याच रुग्णांच्या सोळा वर्षांच्या नोंदींवरून १९६५ मध्ये सांगितलं, की विषाणू दडलेलाच असतो. प्रतिकारशक्ती एका पातळीखाली घसरली की तो उसळतो. पुढे कळलं, की वयाबरोबर झोस्टरविरुद्धची प्रतिपिंडं फारशी घटत नाहीत. घटतात त्या टी पेशी.

त्यांनी आणखी एक अंदाज बांधला होता: कांजिण्या झालेल्या मुलांच्या सहवासाने मोठ्यांची प्रतिकारशक्ती ताजी होत असावी. ब्रिटनमधल्या २०२० च्या मोठ्या पाहणीत त्याला दुजोरा मिळाला. घरातल्या मुलाला कांजिण्या झाल्यानंतर पुढच्या वीस वर्षांत त्या घरातल्या मोठ्या माणसांना नागीण होण्याचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसला.

आता तर लसही आहे. शिंग्रिक्स नावाच्या या लशीत विषाणूचं एकच प्रथिन असतं, आणि जोडीला टी पेशींना खडबडून जागं करणारं मिश्रण. त्यातला एक घटक येतो चिली देशातल्या एका झाडाच्या सालीतून. ५० वर्षांवरच्या लोकांमध्ये २०१५ च्या चाचणीत या लशीने ९७ टक्के नागीण टाळली. सत्तरीनंतरही सुमारे ९० टक्के. २०२३ पासून ती भारतातही मिळते. दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने.

तेव्हा पन्नाशी ओलांडली असेल, किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, तर या लशीबद्दल आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा. आणि अंगाच्या एकाच बाजूला आग होऊन फोडांचा पट्टा उठला, तर लेप, मंत्र-तंत्र यांत दिवस घालवू नका. विषाणूरोधक गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर सर्वाधिक उपयोगी पडतात. फोड डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तिथे प्रश्न दृष्टीचा असतो.